पियानो बारमध्ये गायचंय? आधी पट्टी ठरवा

पियानो बारला कसं जायचं यावर जे काय वाचायला मिळतं त्यात निम्मं कपड्यांवर असतं आणि निम्मं कॉकटेलवर. इस्त्रीचा शर्ट घाला, चपला नको बूट घाला, विषय संपला. खरी गोची होते ती तुम्ही उठून पियानोपाशी जाता आणि म्हणता, मला एक गायचंय, तेव्हा.

पुण्यात पियानो सापडतो तो बहुतेक मोठ्या हॉटेलांच्या लॉबीत नाहीतर लाउंजमध्ये, म्हणजे कोरेगाव पार्क, बंडगार्डन, कल्याणीनगर, सेनापती बापट रोड वगैरे. आधी फोन करा, पण 'पियानो आहे का' असं विचारू नका, हो म्हणतात आणि जाऊन बघावं तर झाकण बंद आणि वर फुलदाणी. 'आज वाजवणारे किती वाजता बसतात' असं विचारा. ड्राय डे बघून घ्या. बिअर-वाइनला २१ आणि हार्ड ड्रिंकला २५ वर्षं पूर्ण लागतात. कोथरूडकरांनी वनाझहून सरळ मेट्रो पकडावी, बंडगार्डन किंवा कल्याणीनगरला उतरावं आणि पुढे रिक्षा. गाडी नकोच, १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की १० हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

आता पट्टी, म्हणजे गाण्याचा 'सा' कुठल्या सुरावर धरायचा ते. सगळे सांगतात 'कॉन्फिडन्स ठेवा आणि गा', हा सल्ला देणाऱ्याने कधी अंतरा गायलेला नसतो. घरी आपण यूट्यूबच्या ट्रॅकवर गातो, तो ओरिजिनल पट्टीत असतो, जुनी रेकॉर्डिंग्ज तर कधीकधी दोन पट्ट्यांच्या अधेमधे कुठेतरी असतात आणि पियानो काही तुमच्यासाठी तेवढा खाली-वर होत नाही. त्यामुळे फोनवर हार्मोनियमचं अॅप उघडा आणि गाण्यातली सगळ्यात वरची जागा शोधा, ती नव्वद टक्के वेळा अंतऱ्यात असते. पट्टी मुखड्यावरून ठरवायची नाही, अंतऱ्यावरून ठरवायची. हे मला कळायला फार वेळ लागला, कारण मुखडा कुठल्याही पट्टीत छानच वाटतो हो! काळी दोनला, म्हणजे दुसऱ्या काळ्या सुरावर 'सा' धरून, अंतरा फाटत असेल तर निमूटपणे काळी एकला या, कोणाला कळतसुद्धा नाही.

पुढची अडचण म्हणजे आपण काळी-पांढरीत बोलतो आणि समोरचा वेस्टर्न शिकलेला असेल तर त्याला त्यातलं काही कळत नाही. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी दोन डी, काळी दोन म्हणजे डी शार्प पण ते लोक त्याला ई फ्लॅट म्हणतात, आणि काळी पाच म्हणजे बी फ्लॅट. पुरुष साधारण काळी एक ते पांढरी दोनमध्ये बसतात, बायका काळी चार-पाचला. म्हणूनच जोडीने ड्युएट गायची हौस असेल तर घरी भांडून घ्या, एका पट्टीत एकाचा तरी आवाज मरतोच. माझं मत विचाराल तर पहिल्या वेळी ड्युएट नकोच.

गाणंसुद्धा बघून निवडा. पियानोवर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) येत नाही, सूर सुटे सुटे पडतात, म्हणून हरकती-मुरक्यांनी भरलेली गझल तिथे एकदम कोरडी वाटते. पार्टीत हिरो पियानोवर बसून गातो तसली पन्नास-साठच्या दशकातली गाणी उत्तम, संथ आणि सरळ चालीची.

मागायचं कसं? गाणं चालू असताना खांद्यावर हात ठेवून तर अजिबात नाही. वाजवणारे साधारण पाऊण तास वाजवून ब्रेक घेतात, तेव्हा पाणी पिऊ द्या आणि मग जा. टिशूवर गाण्याची पहिली ओळ लिहा (पिक्चरचं नाव नको), खाली पट्टी, आणि घडीत शंभर-दोनशेची नोट. ग्लास टेबलावर ठेवून जा, पियानोवर ठेवलात तर पुढचं सगळं विसरा. 'येत नाही' म्हणाले तर 'अहो सोप्पंय, मी गुणगुणतो, तुम्ही पकडा' हे चालू करू नका आणि मोबाईल त्यांच्या कानाला तर लावूच नका. दुसरं गाणं तयार ठेवा.

गाताना तबला नसतो, त्यामुळे सम (तालाची पहिली मात्रा) हरवते. वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताकडे कान ठेवा, तो खालचा जाड सूर पडतो तिथे बहुतेक सम असते. सुरुवातीचा तुकडा वाजवून ते तुमच्याकडे बघतील, तेव्हा घ्या, आधी नाही. दोन अंतरे बास, तिसरा कोणालाच ऐकायचा नसतो. नंतर लगेच दुसरी फर्माईश नको, बाकीच्या टेबलांवर पण माणसं आलेली असतात.

बिलात सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो सक्तीचा नाही, २०२२ पासून ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या तशा सूचना आहेत, काढायला सांगता येतो. पण तो दिला म्हणजे वाजवणाऱ्याला पोचला असं धरू नका. त्यांचे वेगळे, रोख आणि हातात द्या, जीपेचा नंबर विचारत उभे राहाल तर तेवढ्यात पुढचा सेट चालू होतो.