वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढताय? आधी एवढं करा

चौथीचा ग्रुप काढला आणि पहिल्याच घटक चाचणीची गुणयादी फोटो काढून मी ग्रुपवर टाकली. काम झटक्यात उरकलं म्हणून खूशही झाले. यादीत शेवटी नाव असलेली मुलगी दोन दिवस शाळेत आली नाही. घरी गेले तर आजी म्हणाली, "बाई, सगळ्या आळीनं वाचलं की वो." तेव्हापासून गुण प्रगतीपुस्तकात, नाहीतर त्या-त्या पालकाला एकट्याला.

ग्रुप काढल्या काढल्या सेटिंगमध्ये जाऊन मेसेज पाठवायची मुभा फक्त ॲडमिनला ठेवा. नाहीतर गुड मॉर्निंगच्या गुलाबांत गृहपाठ बुडतो. साध्या ग्रुपवर सगळ्या आयांचे नंबर सगळ्यांना दिसतात. व्हॉट्सॲपमध्येच कम्युनिटी काढली तर तिच्या सूचना-ग्रुपवर पालकांना एकमेकांचे नंबर सहसा दिसत नाहीत. थोडी खटपट आहे, पण मी आता तेच वापरते.

खरी डोकेदुखी फोटोंची. वृक्षारोपण झालं, फोटो पाठवा. पोषण आहार शिजला, फोटो पाठवा. वरून मागणी आली की आपणही भराभर काढतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. शाळांना शिकवण्याच्या कामापुरती काही सवलत आहे, पण फेसबुकवर फोटो टाकणं म्हणजे शिकवणं नव्हे. म्हणून जूनमध्येच एका कागदावर तीन वेगळे प्रश्न विचारा: फोटो शाळेच्या नोंदीसाठी चालेल का, पालकांच्या ग्रुपवर चालेल का, बाहेर चालेल का? तिसऱ्याला "नको" म्हणणारे बरेच निघतात. आणि पोराला विचारायचं राहू नये. चौथीतल्या मुलाला स्वतःचं मत असतं.

दात्यांनी वह्या दिल्या की मुलांना रांगेत उभं करून, वही पुढे धरायला लावून फोटो काढतात. मी तो काढत नाही. वह्यांच्या गठ्ठ्याचा काढते. एकदा दाते थोडे रुसले, रुसू देत.

कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद ठेवा, गणवेशावरचं शाळेचं नाव दिसू देऊ नका.

ग्रुप सगळ्यांना खुला असेल, तर यू-डायससाठी (शाळा-विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीसाठी) आधार लागलं की पालक कार्डाचा फोटो थेट ग्रुपवर टाकतात. दिसताक्षणी ॲडमिन म्हणून तो सगळ्यांसाठी डिलीट करा आणि झेरॉक्स शाळेत मागवा. तोवर कुणाच्या गॅलरीत उतरला असेल तर इलाज नाही, म्हणून ही सूचना आधीच द्यायची.

गृहपाठ फळ्यावरही लिहा. माझ्या वर्गात निम्म्या घरांत एकच फोन आहे, तो वडिलांसोबत कारखान्यावर जातो आणि रात्री आठला परततो. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड सरकारच्या दीक्षा ॲपवर उघडून व्हिडिओ मी वर्गातच दाखवते, पोरांच्या घरचा डेटा कशाला संपवायचा? खासगी प्रकाशनाच्या मार्गदर्शकाची स्कॅन केलेली पीडीएफ मात्र पुढे ढकलू नका. पाठ्यपुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.

निकाल दिला की ग्रुप बंद करते आणि फोनमधले वर्गाचे फोटो पुसते. यंदा एकच ठेवला: बेंदराला मुलांनी केलेले तेवीस मातीचे बैल, त्यातल्या एकाचं शिंग मोडलेलं.