मॉर्गन डॉलर घेताय? स्लॅबवरचा आकडा बघून पैसे टाकण्याआधी या चुका टाळा

अमेरिकेतला चांदीचा मॉर्गन डॉलर गोळा करायला लागलेला माणूस लवकरच एका प्रश्नाला येऊन अडतो. नाणी तपासून दर्जाचा आकडा, म्हणजे ग्रेड, देणाऱ्या एकाच कंपनीने एमएस ६५ (एमएस म्हणजे मिंट स्टेट, न वापरलेलं नाणं) दिलेली दोन नाणी शेजारी ठेवली तर एक लखलखतंय आणि दुसऱ्यावर लिबर्टीच्या, म्हणजे स्वातंत्र्यदेवीच्या, गालावर खरचटल्याच्या खुणा, मग दोन्हीला ६५ कसं काय? प्रश्न अगदी बरोबर आहे. पण "सगळे चोर आहेत" म्हणून मोकळं होण्याआधी एक लक्षात घ्या, ग्रेडिंगमधली गडबड सगळीकडे सारखी नसते, ती दोन ग्रेडच्या सीमेवर जास्त असते आणि किंमतही नेमकी तिथेच उडी मारते, म्हणून आपले पैसे तिथे अडकतात.

हे का होतं, तर आकडा मोजून येत नाही, बघून येतो. ७० पर्यंतची ही शेल्डन स्केल १९४९ मध्ये जुन्या तांब्याच्या सेंटसाठी काढली होती, नंतर १९७० च्या दशकात ती सगळ्या नाण्यांना लागू झाली, मग १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या ग्रेडिंग कंपन्या सुरू झाल्या आणि नाणं प्लास्टिकच्या स्लॅबमध्ये सीलबंद होऊन यायला लागलं. मिंट स्टेट ६० पासून सुरू होतं; सुरुवातीला ६० च्या पुढचे मोजकेच आकडे वापरात होते, आता ६० ते ७० मधला प्रत्येक आकडा आहे आणि २०१० पासून आकड्यापुढे प्लसचं चिन्हही येतं. पायऱ्या जितक्या बारीक केल्या तितकं दोन जाणकारांचं मत एका पायरीने हलणार, त्यात लबाडी असायलाच पाहिजे असं नाही. एकच नाणं दोन-तीन ग्रेडर एकमेकांचं मत न बघता पाहतात, पण नेहमीच्या तारखेच्या (तारीख म्हणजे वर्ष आणि टांकसाळ यांची जोडी) नाण्याला मिळतात काही सेकंदच.

चूक पहिली, आणि सगळ्यात महागडी: किंमत उडी मारते तिथे आकडा विकत घेणं

१८८१ चा सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचा डॉलर घ्या, भरपूर शिल्लक आहेत, ठसा सुंदर, ६३ चा ६४ झाला तरी खिशाला फार फरक पडत नाही. आता त्याच टांकसाळीचा १८८४ चा घ्या. वापरलेला, झिजलेला सहज मिळतो, पण एयू ५८ (एयू म्हणजे अगदी किंचित वापरलेलं) सोडून मिंट स्टेटमध्ये गेलात की किंमत कित्येक पटींनी वाढते. म्हणजे गालावर जरासं घासलंय की नाही एवढ्या एका मतावर हजारो डॉलर ठरतात! अशा तारखांना नाण्यापेक्षा आकडाच विकला जातो, आणि लोक ५८ चं नाणं ६२ व्हावं म्हणून पुन्हा पुन्हा पाठवत राहतात. न्यू ऑर्लिन्सचा १८८६ चा पण तसाच, वापरलेला कुठेही मिळेल, ६५ मध्ये शोधून सापडत नाही.

माझं स्पष्ट मत आहे की नवीन माणसाने या तारखांच्या मिंट स्टेटच्या नादी लागूच नये, त्याऐवजी छान, न घासलेलं, प्रामाणिक एयू घ्यावं. आणि नेहमीच्या तारखेत कसंबसं ६५ मिळालेलं घेण्यापेक्षा तगडं ६४ घ्यावं, पैसेही वाचतात आणि बघायला नाणंही चांगलं मिळतं.

चूक दुसरी: झीज आणि कच्चा ठसा यात गल्लत

खोलीतली पांढरी ट्यूब बंद करा, एकच पिवळसर प्रकाशाचा टेबल लॅम्प ठेवा, नाणं कडेने धरून (स्लॅब असेल तर स्लॅब) हळूहळू तिरकं फिरवा. चांगल्या नाण्यावर प्रकाशाचे पट्टे मधल्या बिंदूभोवती गोल फिरतात, यालाच लोक कार्टव्हील लस्टर (लस्टर म्हणजे नाण्याची मूळ चमक) म्हणतात. आता फक्त तीन जागा बघा: लिबर्टीचा गाल, कानाच्या वरचे केस आणि मागच्या बाजूला गरुडाची छाती. पट्टा तिथून न तुटता सरकला आणि तरीही केस सपाट दिसत असतील तर ठसाच नीट उमटलेला नाही, न्यू ऑर्लिन्सच्या नाण्यांत, विशेषतः १८९१ आणि १८९२ च्या, हे खूप दिसतं. पट्टा तिथे येऊन विझला आणि करडा मळकट डाग दिसला, तर ती झीज आहे, लेबलवर काहीही लिहिलेलं असो. भिंग नंतर घ्या, आधी नुसत्या डोळ्यांनी हे जमलं पाहिजे कारण ग्रेडरही बहुतेक वेळा तसंच बघतात.

ओरखड्यांचंही तसंच. हे डॉलर एका कापडी पिशवीत हजार अशा हिशोबाने भरले जायचे, म्हणजे पिशवी जवळजवळ २७ किलोची, ती आपटत ओढत तिजोरीत जायची आणि आतली नाणी एकमेकांवर घासायची. लिबर्टीचा गाल मोकळा, गुळगुळीत, तिथली एक खूण लगेच डोळ्यात भरते, केसांत किंवा पिसांत चार खुणा असल्या तरी लपून जातात. त्यामुळे एका ग्रेडरला गालावरची एक खूण खुपते, दुसरा म्हणतो लस्टर जबरदस्त आहे, जाऊ दे. सुरुवातीला विचारलेल्या त्या दोन ६५ चं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं.

चूक तिसरी: पॉप्युलेशनचा, म्हणजे कुठल्या ग्रेडमध्ये किती नाणी आहेत तो, आकडा शब्दशः घेणं

"६६ मध्ये फक्त इतकीच आहेत" असं डीलर सांगतो तेव्हा तो कंपनीच्या यादीवरून सांगत असतो. पण लोक स्लॅब फोडून तेच नाणं पुन्हा पाठवतात, जुनं लेबल परत करत नाहीत, आणि एकच नाणं यादीत दोन-तीनदा मोजलं जातं. किती पाडले गेले तो आकडा तर त्याहून फसवा. १९१८ च्या पिटमन कायद्याखाली २७ कोटींवर चांदीचे डॉलर वितळवले, त्यातली बहुतेक चांदी ब्रिटिशांनी हिंदुस्थानासाठी घेतली कारण पहिल्या महायुद्धात इथे रुपयांना चांदी कमी पडत होती, आणि तेव्हा आपले रुपये मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळीत पडायचे. आजीच्या डब्यातल्या त्या काळच्या एखाद्या रुपयात मॉर्गन डॉलरची चांदी असू शकते, हे मला फार भारी वाटतं. पण कुठल्या वर्षाचे किती वितळवले याची नोंदच ठेवली नाही, म्हणून लाखोंनी पाडलेली तारीखसुद्धा आज दुर्मिळ निघते.

जुना स्लॅब आणि स्टिकर

जुना हिरव्या लेबलचा पीसीजीएस स्लॅब दिसला की लोक जास्त पैसे मोजतात, कारण त्या काळी ग्रेडिंग कडक होतं असा समज. समजात तथ्य आहे, पण ज्या नाण्यांना खरंच कमी ग्रेड मिळाली होती त्यातली बरीचशी लोकांनी कधीच फोडून वरच्या ग्रेडमध्ये नेली, राहिलेल्यांत काय आहे ते तुम्हालाच बघावं लागणार. सीएसी ही ग्रेड झालेली नाणी पुन्हा तपासून स्लॅबवर स्टिकर लावणारी वेगळी कंपनी, तिचा हिरवा स्टिकर म्हणजे त्या ग्रेडला नाणं पक्कं आहे, सोनेरी म्हणजे त्याहून वरचं आहे असं त्यांचं मत. उपयोगी आहे, २००७ पासून बाजाराने मानलंय. पण स्टिकर नाही म्हणजे नाणं वाईट असं नाही, ते कधी पाठवलंच नसेल.

कृपा करून घासू नका

चांदीची भांडी दिवाळीआधी टूथपावडरने घासायची आपल्याकडची सवय, तीच नाण्यावर आली की संपलं. बारीक एकसारख्या रेषा उमटतात, लस्टर मरतं, आणि कंपनी आकडा न देता नुसतं "डिटेल्स, क्लीन्ड" लिहून परत पाठवते. ते पुन्हा पुन्हा पाठवून काही होत नाही, फक्त फी जाते. मऊ पीव्हीसीच्या पाकिटातही ठेवू नका, हिरवट चिकट थर धरतो.

निकाल मनासारखा आला नाही तर

लगेच फोडू नका. स्लॅब गेला की ग्रेडही गेली आणि कंपनीची हमीही गेली, पुढच्या वेळी ६४ चं ६३ पण होऊ शकतं. आधी वर सांगितलेल्या लॅम्पखाली गाल बघा, मग त्याच तारखेच्या त्याच ग्रेडच्या पाच-सहा नाण्यांचे फोटो बाजूला ठेवा. तरीही वाटलं की कमी दिलंय, तर स्लॅबमध्येच फेरविचाराला पाठवायची सोय असते, ती वापरा, पण वरच्या ग्रेडने वाढणारी किंमत फी आणि टपालाच्या तिप्पट तरी असेल तरच.

विकत घेतलेल्या स्लॅबचा नंबर कंपनीच्या साइटवर टाका आणि तिथे फोटो असेल तर नाण्याशी जुळवा, कारण खोट्या स्लॅबवर खरा नंबर छापलेला सापडतो. १८९३ चा सॅन फ्रान्सिस्कोचा असेल तर दुप्पट काळजी घ्या, तो फक्त १ लाख पाडला होता आणि फिलाडेल्फियाच्या नाण्यावर एस (सॅन फ्रान्सिस्कोची खूण) चिकटवून त्याची नक्कल करतात. खऱ्यावर LIBERTY मधल्या टी या अक्षराच्या वरच्या भागात एक बारीक उठावदार तिरकी रेषा असते, तेवढी भिंगाने बघाच.

आणि लेबलवरचं वर्ष आणि टांकसाळीची खूण नाण्याशी जुळते का ते पार्सल आल्या दिवशीच बघा, खूण मागच्या बाजूला पानांच्या हाराखाली असते. उघड छापील चूक हमीत धरत नाहीत, लेबलवर एस आणि नाण्यावर ओ (न्यू ऑर्लिन्सची खूण) असेल तर एसच्या किमतीची भरपाई कोणी देणार नाही, त्यामुळे परत करायची मुदत संपायच्या आत विकणाऱ्याला फोटोसकट कळवा.