बकऱ्याच्या डोळ्यात दृष्टिपटल कसं बघायचं

माझ्याकडे अकरावी-बारावीचं बायोलॉजी शिकायला येणाऱ्या पोरांना मी हेच सांगते, आकृती पाठ करण्याआधी खरं दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या आतला उजेड टिपणारा पडदा (रेटिना), एकदा चिमट्याखाली हलताना बघा. दृष्टिपटल हा मेंदूचाच बाहेर आलेला भाग आहे, हे त्यानंतर कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

गोकुळपेठेत किंवा तुमच्या मोहल्ल्यातल्या मटणाच्या दुकानात सकाळी लवकर जा. "भाऊ, मुंडीतले डोळे अख्खे काढून द्या, चिरू नका. मागचा देठही राहू द्या," असं स्पष्ट सांगा. देठ म्हणजे दृष्टिचेता, डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस; तो तुटला तर अर्धी मजा गेली. आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात डोळे बर्फाच्या डब्यातच आणा, पण फ्रीझरमध्ये गोठवू नका. आतली जेली आणि भिंग दोन्ही बिघडतात. त्याच दिवशी कापा, नाहीतर पारपटल, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, दुधाळ होतं.

हातमोजे आणि चष्मा घाला, आत दाबाखाली पाणी असतं, ते उडतं. बाहेरची चरबी आणि स्नायू कात्रीने काढा. पारपटल पुढे, देठ मागे; या दोघांच्या मधोमध ब्लेडने छोटी चीर द्या आणि तिथून कात्रीने गोल कापत जा. श्वेतपटल, म्हणजे डोळ्याचं बाहेरचं पांढरं आवरण, चिवट असतं, घाई नको. पुढच्या अर्ध्या भागात बुबुळ आणि भिंग मिळेल. ते बाजूला ठेवा, आपलं काम मागच्या वाटीत आहे.

जेली हळूच ओता आणि वाटी पाण्याच्या भांड्यात बुडवा. ही पायरी गाळू नका. हवेत दृष्टिपटल गोळा होऊन बसतं, पाण्यात ते फिकट, तलम पडद्यासारखं पसरतं. आता ब्रशने कडेपासून ढकला. सगळीकडून सुटेल, फक्त एका जागी चिकटून राहील. वाटी उलटी करून बघा, बाहेरून देठ बरोबर तिथेच आहे.

असं का? हवा थोडी कमी असलेला फुगा घ्या आणि एका बाजूने मूठ आत दाबा. दोन थरांचा पेला झाला ना? माणसाच्या गर्भात चौथ्या आठवड्यात पुढच्या मेंदूतून दोन्ही बाजूंना असेच फुगे निघतात आणि नंतर आत दबून पेले होतात. आतल्या थराचं दृष्टिपटल होतं, बाहेरच्याचा रंगद्रव्याचा थर. फुग्याचा देठ मेंदूशी जोडलेला राहतो, त्यातूनच पुढे दृष्टिचेतेचे तंतू जातात. पेल्याच्या खालच्या बाजूला एक फट असते, ती मिटली नाही तर बाळाच्या बुबुळात किंवा दृष्टिपटलात खाच राहते. आणि ते दोन थर एकमेकांना कधीच घट्ट चिकटत नाहीत, म्हणून तुमच्या ब्रशने वरचा थर इतक्या सहज निघाला. माणसाचंही पटल याच सांध्यावर सुटतं. घरात कोणाला अचानक प्रकाशाच्या चमका, खूप काळे ठिपके किंवा एका बाजूने पडदा आल्यासारखं दिसलं, तर त्याच दिवशी रेटिनाच्या डॉक्टरकडे न्या. उद्यावर टाकू नका.

पटलाखाली निळसर-हिरवी चकाकी दिसेल. रात्री गाडीच्या दिव्यात बकरीचे डोळे चमकतात ते हिच्यामुळे. माणसात हा थर नाही, परीक्षेत माणसाच्या आकृतीत काढू नका. उलट, आपल्याकडे बारीक नजरेचा खळगा आहे, तो बकऱ्यात शोधू नका.

दृष्टिपटलातल्या उजेड टिपणाऱ्या दंडाकार आणि शंक्वाकार पेशी नुसत्या डोळ्यांनी दिसणार नाहीत. माणसात दंडाकार सुमारे 12 कोटी, शंक्वाकार 60 लाखांच्या आसपास. त्या पटलाच्या मागच्या थरात असतात आणि दृष्टिचेतेचे तंतू पुढच्या बाजूला, म्हणून तंतूंना पटलातून आरपार मागे जावं लागतं. जिथून ते जातात तिथे या पेशी नाहीत, तोच अंधबिंदू.

तो स्वतःच्या डोळ्यात शोधा. कागदावर डावीकडे फुली, उजवीकडे 8 सेंटीमीटरवर ठिपका काढा. डावा डोळा झाकून उजव्याने फुलीकडेच बघत कागद साधारण 30 सेंटीमीटरवर आणा आणि हळूहळू पुढे-मागे करा. ठिपका गायब होईल. डाव्या डोळ्यासाठी कागद उलटा धरा.