निसर्गाची चित्रं-कविता शिकवताना या चुका टाळा

नागपुरातल्या कुठल्याही मुलाला ‘निसर्गचित्र काढ’ म्हणून पाहा. दोन डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, नदी, झोपडी आणि शेजारी नारळाचं झाड. सूर्य डोंगरांच्या मधून उगवताना त्यानं कधी पाहिला? पण दोष त्याचा नाही, कुणीतरी मोठ्यानं ते फळ्यावर काढून दाखवलेलं असतं. माझ्या रविवारच्या वर्गात वर्षभर मीही दाखवलं. पोट्टे बिचारे उतरवून घ्यायचे. नमुना देणं ही पहिली चूक.

त्याहून मोठी चूक म्हणजे कविता आधी आणि झाड नंतर. बाहेर ४५ अंशांचं ऊन, आणि आत श्रावणसरींची कविता पाठ चाललेली. त्यापेक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळी लवकर मुलांना पळसाखाली न्या. झाडावर पान नाही, नुसती केशरी फुलं. खाली पडलेलं एक फूल हातात द्या आणि एवढंच विचारा, ‘कशासारखं दिसतं?’ आमच्याकडे एक जण म्हणाला, पोपटाची चोच. पळसाला संस्कृतात किंशुक म्हणतात, ‘हा पोपट तर नाही?’ असा प्रश्नच त्या नावात आहे. हे त्याला नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर तो बघायचाच थांबला असता.

इथेच आपण घाई करतो आणि ‘आता यमक जुळव’ म्हणतो. मग ‘झाड’ला ‘पहाड’ येतं आणि चोच हरवते. यमक राहू द्या. तीन ओळी पुरेत: काय दिसलं, कशासारखं, हाताला कसं लागलं. पळसाच्या कळीचं देठाकडचं काळपट मखमली टोपण हाताला लागलं की शब्द आपोआप येतात.

पानाचा ठसा नीट उठत नाही, ही तक्रार बहुतेक पालकांची असते. पान बहुधा चुकीच्या बाजूनं ठेवलेलं असतं. शिरा उठावदार असतात ती खालची बाजू वर हवी. वाळकं पान चुरतं, ताजं घ्या. वर पातळ कागद ठेवा, मेणखडूचं वेष्टण काढा आणि तो आडवा फिरवा. टोकानं घासलं की कागद फाटतो. मे महिन्यात मेणखडू मऊ पडून लपकतात, म्हणून हे काम सकाळीच उरका. नव्या पानांच्या दिवसांत पळसाचंच पान घ्या, ते जाड आणि ठळक शिरांचं असतं. मुलं पानं मोजतील, तीन भरतील. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण तेव्हा सांगा. खरं तर ती तीन मिळून एकच पान होतं, यावर वर्गात भांडण होतं. होऊ द्या.

रंग ‘दुरुस्त’ करू नका. उन्हाळ्यातलं तळ्याकाठचं गवत पिवळंच असतं, हिरवं आपल्या डोक्यात असतं.

संत्रा सगळे काढतात, पण त्याचं फूल कुणी काढत नाही. संत्र्याचा आंबिया बहार, म्हणजे आंब्याच्या मोहोराच्या सुमारास येणारा बहर, जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो. ओळखीच्या कुणाची बाग असेल तर तेव्हा घेऊन जा. फूल पांढरं असतं, वासाचं असतं, आणि मुलं आधी चकितच होतात.

पावसाळ्यात सागाचं कोवळं पान मिळालं तर दोन बोटांत चोळायला द्या. बोटं लाल होतात. तेच ठसे कागदावर उमटवून घ्या. त्या दिवशी चित्र काढायचं राहिलं तरी चालेल.