रॉक बँडचे शब्द कसे पारखावेत

गॅदरिंगचे दिवस आले की मला हमखास फोन येतो. "सर, बँडची स्पर्धा ठेवलीय, गीतलेखनाचं वेगळं बक्षीस आहे, परीक्षक म्हणून या. शब्दांचे कागद आधीच पाठवून देतो." कागद आधी पाठवू नका, असं मी दरवेळी सांगतो. तरी ते येतातच. मी पाकीट न उघडता बॅगेत ठेवतो आणि सगळं ऐकून झाल्यावरच फोडतो.

कारण शब्द पारखण्याबद्दल सगळीकडे एकच सल्ला फिरत असतो: चाल विसरा, शब्द कागदावर उतरवा आणि कविता म्हणून वाचा, कविता म्हणून उभे राहिले तर शब्द चांगले. हा सल्ला चुकीचा आहे आणि त्याने चांगल्या गाण्यांचं नुकसान होतं. बॉब डिलनला २०१६ साली साहित्याचं नोबेल मिळालं तेव्हापासून तर या सल्ल्याला पुरावाच मिळाल्यासारखं झालंय. पण त्या पुरस्काराच्या मानपत्रात अमेरिकन गीतपरंपरेचाच उल्लेख आहे, आणि पुढच्या वर्षी दिलेल्या नोबेल व्याख्यानात खुद्द डिलनने सांगितलं की गाणी गाण्यासाठी असतात, वाचण्यासाठी नव्हे. आपल्याला तर हे बाहेरून कुणी सांगायची गरज नव्हती. आपल्या सोलापूरचे शाहीर राम जोशी संस्कृत जाणणारे होते, तरी त्यांची लावणी ढोलकीवर उभी राहते. तिच्याखालची ढोलकी काढून घेऊन तिला गुण देणार कसे?

आधी ऐका

तीनदा, कागदाशिवाय, चांगल्या इयरफोनवर. मोबाईलच्या स्पीकरवर बेस आणि ड्रमचा खालचा ठोका ऐकूच येत नाही, आणि पुढचं सगळं त्या ठोक्यावर अवलंबून आहे. दुसऱ्या वेळी जे शब्द आपोआप कानात पडले तेवढेच लिहून ठेवा. बाकीचे ओढून-ताणून ऐकू नका.

मग ओळ ठोक्यावर बोलून पाहा

इथे मी स्वतः चुकलोय, आणि त्या चुकीची किंमत चार मुलांनी मोजली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काही वर्षांपूर्वी सोलापूरच्या पूर्व भागातली, म्हणजे यंत्रमागांच्या वस्तीतली चार पोरं वहीचं एक पान घेऊन घरी आली. गॅदरिंगला स्वतःचं गाणं करायचं होतं, मी शब्द बघून द्यावेत एवढीच विनंती. विषय यंत्रमागाचा. सुरुवात अशी होती:

माग चालला, आई निजली
माग थांबला, जागी

मी वृत्तं शिकलेला माणूस. बोटांवर मात्रा मोजल्या. ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन. 'माग चालला' आठ, 'आई निजली' आठ. पहिली ओळ सोळा मात्रांची, चोख. दुसरीत 'माग थांबला' आठ आणि 'जागी' चार. बारा. ओळ चार मात्रांनी तोकडी. मी लाल पेन घेतलं आणि लिहिलं, 'माग थांबला, झाली जागी'. सोळा पूर्ण. वर व्याकरणही नीट झालं. पोरं मोठ्या आदराने "बरं सर" म्हणाली आणि गेली.

गॅदरिंगला त्यांनी माझी ओळ म्हटली. गाणं आलं तसं गेलं. पहिल्या रांगेत बसून मला वाटलं, चाल फसली.

दोनेक महिन्यांनी त्यांच्यातल्या एकाने माझ्याकडे येण्याआधीचं, सरावाच्या खोलीतलं रेकॉर्डिंग पाठवलं. ड्रम मागासारखा वाजतोय, खटक-खटक, एकसुरी, त्यावर गिटार गरगरतंय. 'माग थांबला' आलं, आणि सगळं बंद. ड्रम बंद, गिटार बंद, बेस बंद. मिनिटाला ऐंशी ठोक्यांची गती होती आणि एका ठोक्यात दोन मात्रा बसत होत्या, म्हणजे त्या चार मात्रा दीड सेकंदाच्या. त्या दीड सेकंदात खोलीतल्या पंख्याची घरघर ऐकू येते. मग नुसत्या आवाजात, कुठल्याही वाद्याशिवाय, एकच शब्द: 'जागी'. त्यावर पुन्हा माग सुरू.

ज्याच्या घराला लागून माग चालतात त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. तिथे आवाज म्हणजे झोप. रात्री लाईट गेली, माग थांबले की सगळी गल्ली जागी होते. पूर्व भागातल्या मित्रांच्या तोंडून हे मी कितीदा ऐकलं होतं. त्या पोरांनी ते सांगितलं नाही, करून दाखवलं: माग थांबवला आणि ऐकणाऱ्याला जागं केलं. आणि मी त्या शांततेवर नेमकं 'झाली' आणून बसवलं होतं.

शब्द ड्रम वाजवणाऱ्या पोराचे होते, हे मला तेव्हा कळलं. त्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, तिथं मी थांबायचो. तुम्ही 'झाली' लिहिलं, मग मला तिथं वाजवावं लागलं की ओ."

तेव्हापासून मी कागदावर मात्रा मोजत नाही. मी काय करतो ते सांगतो, तुम्हीही तसंच करा. गाणं लावा, मांडीवर हाताने ठोका धरा, आणि ओळ गायची नाही, नुसती बोलायची, ठोक्यावर. बहुतेक रॉक गाणी चार ठोक्यांच्या आवर्तनात असतात. सहाच्या चालीतलं गाणं असेल तर सहा मोजा. जिथे तुमचं तोंड थांबतं आणि हात चालू राहतो, तिथे कागदावर गोल करा. कागद हातात घ्यायची वेळ ही, त्याआधी नाही.

आता प्रत्येक गोलात एखादा साधा, अर्थाला धरून शब्द घालून बघा. शब्द घातल्यावर ओळ सुधारली, तर ती जागा गीतकाराने रिकामी सोडलेली नव्हती, त्याला तिथे शब्द सापडला नव्हता. गुण कापा. शब्द घातल्यावर ओळ बिघडली, तर ती शांतता शब्दांइतकीच विचार करून लिहिलेली आहे. तिचे गुण गीतलेखनातच द्या, "ती तर वादनाची कमाल" म्हणून दुसऱ्या रकान्यात ढकलू नका. आणि काहीच फरक पडला नाही, तर ती फक्त श्वासाची जागा आहे, सोडून द्या.

उलटंही करून बघायचं. भरलेल्या ओळीतून 'रे', 'गं', 'आज', 'फक्त', 'माझ्या या' असले शब्द काढा आणि पुन्हा ठोक्यावर बोला. नवख्या गीतकाराचा हात रिकाम्या जागेला घाबरतो आणि असल्या शब्दांनी ती बुजवतो. एका ओळीतून दोन शब्द काढूनही काही बिघडलं नाही, तर तिथे मात्रांची भरती केलेली आहे. माझ्यासारखा कुणी लाल पेनवाला त्यांना आधी भेटला असण्याचीही शक्यता धरा, आणि विचारा: पहिला खर्डा कुठाय? मी आता दर वेळी पहिला खर्डा मागतो. वहीतलं खाडाखोड केलेलं पान टाईप केलेल्या कागदापेक्षा जास्त बोलतं.

अपवाद एकच. 'ना ना ना', 'ओ हो' असल्या बिनअर्थाच्या अक्षरांना मी हात लावत नाही. पोवाड्यात झीलकरी, म्हणजे शाहिराचे मागचे साथीदार, 'जी जी रं जी' म्हणतात तेव्हा शाहीर दम घेतो आणि मागच्या चौकातला, म्हणजे कडव्यातला, प्रसंग ऐकणाऱ्याच्या डोक्यात मुरतो. रॉकमध्येही तीच सोय आहे. फक्त त्याच्या आधीच्या ओळीत मुरण्यासारखं काही आहे का, ते बघा.

लांब सुरावर कोणता स्वर ठेवलाय

मराठीत रॉक लिहिणाऱ्यांना कुणी हे सांगत नाही, म्हणून ठासून सांगतो. 'अ' हा ताणायचा स्वर नाही. गायकाने तो दोन ठोके धरला की त्याचा 'आ' होतो. 'मन'चं 'मान' होतं, 'घर'चं 'घार', 'कळ'चा 'काळ', 'जळ'चा 'जाळ'. गायक चांगला असेल तर थोडं सांभाळतो, पण वरच्या पट्टीत ओरडून गाताना त्याचाही इलाज चालत नाही. एका बँडची आर्त ओळ 'माझं मन' अशी संपत होती आणि शेवटचा शब्द चार ठोके लांब. हॉलमध्ये प्रत्येकाला 'माझी मान' असंच काहीतरी ऐकू आलं. दोष गायकाचा धरला गेला. खरा दोष लिहिणाऱ्याचा. तिथे आ, ए, ओ यांपैकी एखाद्या स्वराचा शब्द हवा होता.

जोडाक्षरांचंही तसंच. 'अस्तित्व', 'स्वातंत्र्य' हे शब्द ओळीच्या मध्ये झटकन येऊन गेले तर चालतात, लांब सुरावर मात्र त्यांचं शेवटचं अक्षर तोंडातच राहतं. शिवाय ड्रमच्या झांजांची सळसळ आणि आपले स, श हे आवाज एकाच उंच पट्टीत असतात, त्यामुळे झांज जोरात वाजत असताना 'श्वास' आणि 'वास' यांत फरक राहत नाही. दुसऱ्यांदा ऐकताना जे शब्द तुम्हाला पकडता आले नाहीत, ते काढून बघा: निम्मे तरी या दोन कारणांनी निसटलेले असतात.

यमकावर भाळू नका

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, म्हणून 'जातो-येतो', 'जळते-कळते' ही यमकं फुकट मिळतात. त्यांना गुण नाहीत. नामावर नाम जुळलं आणि दोन्ही शब्द त्या जागी हवेच होते, तर एक गुण. यमक नाहीच, पण ओळ बोलताना खटकत नाही? तरी चालेल.

शब्दांत हात लावता येईल असं काय आहे

अंधार, पिंजरा, पंख, वादळ, आग. ही सामग्री प्रत्येक शहरातल्या प्रत्येक बँडकडे असते. ती वाईट नाही, उधारीची आहे. आपल्याकडची पोरं समुद्रावर गाणी लिहितात. सोलापुरातून समुद्र शेकडो किलोमीटर लांब, आणि एप्रिल-मे मध्ये डांबर चपलेला चिकटतं त्याच्यावर एक ओळ नसते! कागदावरच्या नामांखाली रेघा ओढा. मागाचा धोटा, सुताची कांडी, विड्या वळायचं सूप, बोळातला नळ, शेवटची सिटी बस असं लिहिणाऱ्याने स्वतः हाताळलेलं एकसुद्धा नाम सापडत नसेल, तर बाकीची भावना कितीही खरी असली तरी ती ऐकणाऱ्यापर्यंत पोचत नाही.

पण उलट बाजूची फसवणूकही ओळखा. परीक्षक सोलापूरचे आहेत म्हणून चादर, शेंगाचटणी आणि सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा एकाच कडव्यात कोंबणारे बँड असतात. वस्तूचं नाव घेतलं म्हणजे ती गाण्यात आली असं होत नाही. ती वस्तू काहीतरी करते का, तेवढं विचारा. वरच्या गाण्यात माग थांबतो. नुसता असत नाही.

ध्रुवपद

प्रत्येक वेळी परत येताना त्याचा अर्थ थोडा सरकला पाहिजे. कडव्यांचा क्रम बदलून बघा. काहीच फरक पडला नाही, तर कडवी ध्रुवपदासाठी काही करत नाहीयेत.

भाषा

मराठी, हिंदी की इंग्रजी, हा प्रश्नच नाही. आपल्या गावात एका चहाच्या टपरीवर मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी अशा चार भाषा ऐकू येतात, आणि पोरं वाक्याच्या मध्यात भाषा बदलतात. गाण्यात तसं झालं तर ते भेसळ म्हणून कापू नका. बघायचं ते एवढंच, की गाणारा ज्या भाषेत भांडतो त्या भाषेत गातोय का. "काय बे" म्हणणारा पोरगा स्टेजवर जाऊन 'तुजविण व्याकुळ मी' म्हणायला लागला, की मी पेन खाली ठेवून वाट बघतो. क्वचित पुढच्या ओळीत त्याचं कारण सापडतं. एरवी नाही.

शेवटी, शब्द कुणाचे ते विचारा

फॉर्मवर गीतकार म्हणून बहुतेक वेळा गायकाचंच नाव असतं, कारण फॉर्म भरायला तोच पुढे होतो. निकाल लावण्याआधी बँडला बोलावून घ्या आणि प्रत्येक ओळ कुणी लिहिली ते विचारा. कधी बेस वाजवणारी मुलगी निघते, कधी मागे उभा असलेला, स्टेजवर न चढणारा मित्र. गोल केलेल्या जागांबद्दल त्याच माणसाशी बोला, आणि सुचवण्याऐवजी विचारा: इथे तू का थांबलास? उत्तर ऐकून गुण बदलावेसे वाटले तर बदला. कागद अजून तुमच्याच हातात असतो. मग निकालपत्रकावर त्याचं किंवा तिचं नाव स्वतः पेनाने लिहा. संयोजक म्हणतात, सर, रकाना नाहीये. समासात लिहा.