एमआयएसचा पेपर आहे? मग आधी गावातल्या दूध डेअरीत जाऊन या

बीबीए घ्या, बीकॉम घ्या, बीएमएस घ्या, कधी ना कधी हा विषय येतोच. कुठे नाव मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टीम्स असतं, कुठे आयटी इन बिझनेस, पण आतला माल साधारण तोच. आणि दरवर्षी तेच होतं, अर्धी पोरं म्हणतात हा कॉम्प्युटरचा विषय आहे आपल्याला जमणार नाही, उरलेली म्हणतात नुसती थिअरी आहे आदल्या रात्री पाठ करू. दोघांनाही मार्क पडतात तसे, पण सहा महिन्यांनी इंटरव्ह्यूत कुणी विचारलं की टीपीएस (रोजचे व्यवहार नोंदवणारी सिस्टीम) आणि डीएसएस (डिसिजन सपोर्ट, निर्णयाला मदत करणारी सिस्टीम) मध्ये फरक काय तर तोंडातून शब्द फुटत नाही.

माझा सल्ला एकच आहे. सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात एक धंदा निवडा जो तुम्ही डोळ्यांनी बघू शकता, आणि अख्खा सिलॅबस त्याच एका धंद्यावर लावत जा. ॲमेझॉन, फ्लिपकार्ट नको, त्यांच्या आत काय चालतं ते तुम्हाला दिसत नाही आणि पेपर तपासणाऱ्याने ते उदाहरण त्या दिवशी चाळीस वेळा वाचलेलं असतं. मी इथे गावातली दूध डेअरी घेतोय कारण आमच्या कोल्हापूर सांगली पट्ट्यात ती गल्लीगल्लीत आहे. मुंबई पुण्यात असाल तर मेडिकलचं दुकान घ्या, मेस घ्या, सोसायटीचं मेंटेनन्सचं काम घ्या, चालेल. फक्त तिथे रोज व्यवहार होत असले पाहिजेत आणि कुणीतरी त्याची नोंद ठेवत असलं पाहिजे.

आता एक दिवस सकाळी संकलनाच्या वेळेला जाऊन उभे रहा. बघा काय होतं. माणूस किटली घेऊन येतो, सभासद नंबर सांगतो, दूध काट्यावर जातं, थोडं सॅम्पल मशीनला लागतं, स्क्रीनवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) येतं, सॉफ्टवेअर दरपत्रकातून दर उचलतं, लिटरला गुणतं, स्लिप बाहेर. इनपुट, प्रोसेस, आउटपुट, पहिलं चॅप्टर झालं. फीडबॅक कुठाय? तो माणूस स्लिप बघून म्हणतो ना, "आज फॅट एवढी कमी कशी लागली?", आणि परत सॅम्पल लावायला लावतो, तो फीडबॅक.

डेटा आणि इन्फर्मेशन यातला फरक पण इथेच मिटवून टाका. ३.८ हा नुसता आकडा म्हणजे डेटा. १४२ नंबरच्या सभासदाच्या गाईची फॅट गेल्या दहा दिवसांत ४.१ वरून ३.८ वर आली, ही इन्फर्मेशन, कारण आता कुणीतरी काहीतरी ठरवू शकतो, चारा बदलायचा की पाणी मिसळतंय का बघायचं.

सिस्टीमचे पाच भाग पुस्तकात असतात, हार्डवेअर, सॉफ्टवेअर, डेटा, माणसं, प्रोसिजर. पोरं पहिल्या दोनवर पानभर लिहितात आणि शेवटच्या दोनला एकेक ओळ. उलटं करा. दूध नीट ढवळून मग सॅम्पल घ्यायचं ही प्रोसिजर आहे, ती पाळली नाही तर साय वर असते आणि लाखाचं मशीन असलं तरी आकडा चुकीचाच येणार.

पिरॅमिड, म्हणजे सगळ्यात जास्त मार्कांचा भाग

१९६५ मध्ये रॉबर्ट अँथनीने मॅनेजमेंटचे तीन थर मांडले, खाली रोजचं कामकाज, मध्ये नियंत्रण, वर धोरण. मग १९७१ मध्ये गोरी आणि स्कॉट मॉर्टन या दोघांनी त्याला निर्णयांचे प्रकार जोडले, स्ट्रक्चर्ड (ठरलेल्या नियमाने होणारे), सेमी स्ट्रक्चर्ड (अर्धे नियमाने, अर्धे अंदाजाने), अनस्ट्रक्चर्ड (ठरलेला नियमच नसलेले). आपल्या पुस्तकातला तो त्रिकोण यातूनच आलाय, उत्तरात ही दोन वर्षं टाकली की तपासणाऱ्याला कळतं की याने वाचलंय.

डेअरीवर लावू. प्रत्येक स्लिप म्हणजे टीपीएस, ट्रान्झॅक्शन प्रोसेसिंग. समजा २०० सभासद, सकाळ संध्याकाळ धरून दिवसाला ४०० नोंदी. इथे कुणी डोकं चालवत नाही, दर ठरलेला, सूत्र ठरलेलं.

दहा दिवस झाले की बिल निघतं. त्यात एकूण दूध, सरासरी फॅट, पशुखाद्याची कपात, उचल घेतली असेल तर ती कपात, आणि हातात किती. याच नोंदींवरून सचिव एक रिपोर्ट काढतो, जिल्हा दूध संघाला पाठवलेलं दूध आणि गावात गोळा झालेलं दूध यात घट किती, कुठल्या सभासदाचं दूध अचानक कमी झालं. हे एमआयएस. इथे पोरांचा गोंधळ होतो कारण विषयाचं नाव पण तेच आणि त्रिकोणाच्या मधल्या थराचं नाव पण तेच, तर प्रश्नात "टाइप्स ऑफ सिस्टीम्स" दिसलं की मधला थर समजायचा.

डीएसएस म्हणजे "असं केलं तर काय होईल". गाईच्या दुधाचा दर आपल्याकडे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया धरून सांगतात, म्हशीचा ६ आणि ९ वर. आता समजा संघाने पायाच्या खालच्या दुधाला पॉइंटमागे कपात वाढवली तर आपल्या किती सभासदांचं बिल पडेल, आणि त्यातले किती खासगी डेअरीकडे जातील? पहिल्या अर्ध्याचं उत्तर कॉम्प्युटर देतो, दुसरं माणसाला अंदाजाने ठरवावं लागतं, म्हणून तो निर्णय सेमी स्ट्रक्चर्ड. एक्सेलमध्ये व्हॉट इफ ॲनालिसिस नावाचं ऑप्शन आहे, त्यात दराचा एक सेल बदलून बघा, एवढ्यावर तुमचं डीएसएसचं प्रॅक्टिकल होऊन जातं.

सगळ्यात वर ईएसएस, म्हणजे एक्झिक्युटिव्ह सपोर्ट सिस्टीम, तो गावच्या डेअरीत सापडणार नाही, जिल्हा संघाच्या चेअरमनकडे सापडेल. त्याला १४२ नंबरची फॅट नकोय, त्याला पाच वर्षांत गाईचं दूध किती वाढलं, म्हशीचं किती घटलं, पावडरचा प्लँट टाकायचा का, हे पाहिजे. आणि यातली निम्मी माहिती बाहेरून येते, बाजारभाव, सरकारी धोरण वगैरे, हा मुद्दा लिहायला विसरू नका.

डेटाबेस, इथे घाई करू नका

नॉर्मलायझेशन, म्हणजे एक मोठं टेबल तोडून नीट छोटी टेबलं करणं, हे ऐकलं की लोक पान उलटतात. मुद्दाम एक वाईट शीट बनवा. एकाच शीटमध्ये तारीख, वेळ, सभासद नंबर, नाव, आयएफएससी, शाखा, खातं नंबर, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम सगळं कोंबा आणि पन्नास साठ ओळी खोट्या आकड्यांनी भरा. (खोट्याच हं, डेअरीतून लोकांची खरी नावं आणि खाते नंबर फोटो काढून आणू नका, २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा सिलॅबसमध्ये असेल तर त्याचं उदाहरण तुम्हीच व्हाल.)

आता त्या शीटशी भांडा. एका सभासदाने बँक बदलली, किती ओळी बदलायच्या? एक राहिली तर पैसे जुन्या खात्यावर. हा अपडेटचा घोळ. नवीन सभासद झाला पण त्याची गाय अजून व्यायची आहे, दूधच घातलं नाही तर त्याचं नाव कुठल्या ओळीत टाकणार? इन्सर्टचा घोळ. आणि एकाची एकुलती एक म्हैस आटली, त्याच्या जुन्या नोंदी काढून टाकल्या तर त्याच्याबरोबर खातं नंबर पण गेला, डिलीटचा घोळ. तिन्ही ॲनॉमली एका शीटमध्ये, पुस्तक उघडायची गरज नाही.

मग तोडा. सभासद वेगळं टेबल, संकलन वेगळं, दरपत्रक वेगळं, कपात वेगळं. सभासद टेबलची प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळ वेगळी ओळखायची खूण, नाव असू शकत नाही, एका गावात एकाच नावाचे तीन पाटील निघतात, म्हणून तर नंबर दिलेला असतो. संकलन टेबलची की काय? पटकन उत्तर येतं तारीख, वेळ आणि सभासद नंबर. पण ज्याच्याकडे गाय पण आहे आणि म्हैस पण आहे तो एकाच सकाळी दोनदा काट्यावर येतो, मग की मध्ये जनावराचा प्रकार पण घ्यावा लागतो, नाहीतर सरळ स्लिप नंबरच की करा. ही चार गोष्टींची मिळून की धरली तर सभासदाचं नाव त्यातल्या फक्त एका भागावर अवलंबून आहे, म्हणजे सेकंड नॉर्मल फॉर्म मोडतो. सभासद टेबलमध्ये आयएफएससी आणि शाखेचं नाव दोन्ही ठेवलं तर शाखा आयएफएससीवरून ठरते, सभासदावरून नाही, म्हणजे थर्ड नॉर्मल फॉर्म मोडतो. झालं, एवढंच आहे ते.

व्हायवात एक प्रश्न मस्त येतो. दर दरपत्रकात आहेच तर संकलनाच्या नोंदीत परत दर कशाला साठवायचा, ते रिडंडन्सी, म्हणजे एकच माहिती दोनदा ठेवणं, नाही का? उत्तर असं की दर बदलतो, आणि मागच्या महिन्याची स्लिप मागच्या महिन्याच्या दरानेच दिसली पाहिजे. एकतर नोंदीत दर ठेवा नाहीतर दरपत्रकाला "कधीपासून लागू" ही तारीख जोडा.

एक्सेलवर सगळं चालतं असं म्हणणाऱ्या मित्रासाठी एक किस्सा. २०२० च्या सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ केसेस आकडेवारीतून गळाल्या, कारण डेटा जुन्या एक्सेल फॉरमॅटमध्ये घेत होते आणि त्यात ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नसते. त्या लोकांच्या संपर्कातल्यांना शोधायला उशीर झाला. आपल्या २०० सभासदांच्या डेअरीला महिन्याला १२ हजार ओळी लागतात, म्हणजे त्या फॉरमॅटची शीट साडेपाच महिन्यांत भरली असती. नव्या एक्सेलमध्ये १०,४८,५७६ ओळी आहेत, सात वर्षं निघतील, पण दोन जणांनी एकाच वेळी एंट्री करायची म्हटलं की परत बोंब.

डीएफडी, म्हणजे डेटा फ्लो डायग्राम, काढताना जवळजवळ सगळे एकच चूक करतात, शेतकऱ्याकडून डेअरीकडे बाण काढतात आणि त्यावर "दूध" लिहितात. डीएफडीत दूध वाहत नाही, दुधाची माहिती वाहते. बाणावर "सभासद नंबर, लिटर, फॅट" लिहा. बाकी नियम थोडेच, दोन बाहेरचे घटक थेट जोडायचे नाहीत, दोन डेटा स्टोअर थेट जोडायचे नाहीत, मध्ये प्रोसेस हवीच, आणि प्रोसेसच्या नावात क्रियापद हवं, "बिल" नाही, "बिल काढणे". आत बाण येतोय पण बाहेर जात नाही ती ब्लॅक होल, आत काहीच येत नाही पण बाहेर येतंय ती मिरॅकल. कॉन्टेक्स्ट डायग्राममध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या ढोबळ आकृतीत, एकच गोल, स्टोअर दाखवायचं नाही.

ईआरपी, म्हणजे सगळ्या विभागांचं काम एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर, गावच्या डेअरीवर ओढूनताणून बसवू नका, तिथे संघ घ्या, संकलन, प्लँट, टँकर, विक्री, पगार सगळं एका डेटाबेसवर. आणि "ईआरपीचे फायदे" दहा लिहिण्यापेक्षा पाच लिहा आणि हर्शीजची गोष्ट टाका. अमेरिकेतली ही चॉकलेट कंपनी, ११ कोटी २० लाख डॉलरची सिस्टीम, काम साधारण चार वर्षांचं होतं ते अडीच वर्षांत उरकायला घेतलं आणि जुलै १९९९ ला चालू केलं, नेमकं हॅलोविनच्या ऑर्डरी येण्याच्या तोंडावर. गोदामात माल होता तरी जवळपास १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेवर गेल्या नाहीत. दिवाळीच्या आठवड्यात डेअरीचं सॉफ्टवेअर बदलायला कुणी सचिव तयार होईल का विचारून बघा.

मायकेल पोर्टरचे फाइव्ह फोर्सेस (धंद्यातल्या स्पर्धेच्या पाच ताकदी) १९७९ चे, व्हॅल्यू चेन (कंपनीच्या कामांची साखळी) १९८५ ची, हे पाठ करावंच लागेल, त्याला इलाज नाही. फक्त एक गंमत लक्षात घ्या, सहकारी डेअरीत सप्लायर हाच मालक असतो, त्यामुळे "सप्लायरची ताकद" हा मुद्दा तिथे पुस्तकासारखा सरळ बसत नाही, आणि हे लिहिणारा वर्गात बहुतेक तुम्ही एकटेच असाल.

सिक्युरिटीला पुण्याची केस आहे, ऑगस्ट २०१८, कॉसमॉस बँक. हल्लेखोरांनी एटीएमचा खरा स्विच, म्हणजे व्यवहार मंजूर करणारी यंत्रणा, बाजूला ठेवून स्वतःचा बनावट स्विच मध्ये घातला, तो प्रत्येक व्यवहाराला हो म्हणत गेला, क्लोन केलेल्या कार्डांनी २८ देशांतून पैसे निघाले, मग दोन दिवसांनी स्विफ्टवरून (बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेवरून) हाँगकाँगला, एकूण सुमारे ९४ कोटी. यावरून कॉन्फिडेन्शियॅलिटी (गुप्तता), इंटेग्रिटी (माहिती बरोबर राहणं), अव्हेलेबिलिटी (हवी तेव्हा मिळणं) यातलं काय मोडलं ते स्वतः लिहून बघा. डेअरीत हाच प्रश्न छोट्या मापात असतो, फॅटचा आकडा हाताने टाकायची परवानगी कुणाला आहे आणि टाकला तर त्याची नोंद राहते का? सचिवाला हे विचारताना जरा जपून, सगळ्यांसमोर नको. आणि लाइट गेल्यावर इन्व्हर्टर आहे का, ते अव्हेलेबिलिटीत.

पेपरात उत्तराचा साचा असा ठेवा, दोन ओळी व्याख्या, आकृती, डेअरीचं उदाहरण, आणि शेवटी ही सिस्टीम कुठे कमी पडते ते. पेपर इंग्रजीत असेल तर व्याख्या इंग्रजीतच पाठ करा, समजून घेताना मात्र मराठीत भांडा.

प्रोजेक्ट सबमिट करायच्या आठवडाभर आधी तुमची आकृती डेअरीच्या सचिवाला नेऊन दाखवा. ईआर डायग्राम (टेबलं आणि त्यांच्यातली नाती दाखवणारी आकृती) म्हणजे काय हे त्याला माहीत नसेल, पण दोन मिनिटांत तो विचारेल, "यात दिवाळीचा फरक कुठाय?" वर्षभराच्या दुधावर दिवाळीला जादा रक्कम म्हणून फरक बिल निघतं, आणि तुम्ही तर दहा दिवसांच्या बिलानंतर जुन्या नोंदी काढून टाकायची प्रोसेस काढलेली असते. घरी जाऊन ती दुरुस्त करा आणि रिपोर्टमध्ये आधीची आणि नंतरची दोन्ही चित्रं लावा, एक्स्टर्नल परीक्षक तिथेच थांबून प्रश्न विचारतात.