जुन्या कॅम्परची वीज पूर्ण गेली? नवी बॅटरी घेण्याआधी या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात दहिसरला सोसायटीच्या आवारात उभ्या असलेल्या आमच्या कॅम्परचं दार उघडलं, तर आत काहीच लागेना. दिवे, पंखा, पाण्याचा पंप, फ्रिज, सगळं बंद. जुनी मिनीबस आहे, मागे झोपायची आणि स्वयंपाकाची सोय करून घेतलेली. गॅरेजवाल्यांनी फोनवरच सांगितलं, "ताई, बॅटरी गेली." मी जुनी बॅटरी बदल्यात देऊन नवी घेतली. पंधरा दिवसांत पुन्हा अंधार.

हीच पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. एखादा दिवा गेला तर शोध दिव्यापासून सुरू करावा. सगळंच एकदम गेलं असेल, तर जिथून सगळ्यांना वीज जाते तिथेच बघायचं. बॅटरी, तिची टर्मिनल्स, मेन फ्यूज, कट-ऑफ स्विच आणि अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हला गाडीच्या चॅसीशी, म्हणजे लोखंडी सांगाड्याशी जोडणारी वायर), एवढ्याच त्या जागा. पंपाची वायर उसकटत बसू नका.

त्याआधी हॉर्न वाजवून बघा. अशा गाडीत बहुधा दोन बॅटऱ्या असतात, एक इंजिनची, एक मागच्या राहत्या भागाची. इंजिन चालू असताना रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच, दोघींना जोडतो, बंद झालं की वेगळं करतो. हॉर्न वाजला, तर दोष मागच्या बाजूला. तोही गप्प असेल, तर दोन्ही बाजूंना सामायिक असलेला अर्थ बघा, आणि रिलेही तपासा. रिले चिकटला असेल तर मागे रात्रभर राहिलेला दिवा पुढची बॅटरीही उतरवतो.

आता मल्टिमीटर. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर साधा मीटर सहज मिळतो, आणि जुनी गाडी बाळगणाऱ्याकडे तो हवाच. काही तास शांत राहिलेली, पूर्ण भरलेली लेड-ॲसिड बॅटरी 12.6 ते 12.7 व्होल्ट दाखवते. 12 च्या खाली गेली म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.4 दिसायला हवेत, नाहीतर इंजिनवर फिरून बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरकडे वळा.

मी फसले ते इथेच. सगळं बंद ठेवून मोजलं, 12.6 आले, आणि मी वायरिंग ठीक धरलं. मीटर स्वतः नगण्य प्रवाह घेतो, त्यामुळे गंजून एका तारेवर टिकलेला जोडही त्याला निर्दोष वाटतो. लोड आला, म्हणजे पंप-दिवे वीज ओढू लागले, की खरं कळतं. जोडात फक्त 0.1 ओहम रोध असला, तरी 30 अँपिअरला 3 व्होल्ट तिथेच खर्ची पडतात आणि जोड तापतो.

म्हणून पंप आणि दिव्यांची बटणं चालू ठेवून मोजा. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, त्यावर आवळलेल्या क्लॅम्पवर नव्हे, आणि दुसरी चॅसीच्या रंग खरवडलेल्या लोखंडावर. शून्याच्या आसपास आकडा यायला हवा. 0.2 व्होल्टच्या वर गेला तर जोड संशयास्पद. जोड पूर्ण तुटला असेल, तर तिथेच जवळजवळ 12 व्होल्ट दिसतील. पॉझिटिव्ह बाजूही अशीच, खुंटापासून मेन फ्यूजच्या पलीकडच्या टोकापर्यंत तपासा. फ्यूज अखंड दिसतो पण त्याचा होल्डर वितळलेला असतो, हे जुन्या गाड्यांत बऱ्याचदा घडतं.

फ्यूज उडाला म्हणून जास्त अँपिअरचा घालणं किंवा तांब्याची तार गुंडाळणं, हे कृपा करून करू नका. फ्यूज वायरीला वाचवतो. शॉर्ट झाल्यावर बॅटरी शेकडो अँपिअर ओतू शकते, आणि आपली वायर प्लायवूड आणि गाद्यांच्या मागून गेलेली असते. बॅटरी तपासायला चालू इंजिनवर टर्मिनल काढायची जुनी पद्धतही सोडा. त्या झटक्यात अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात.

सोसायटीच्या प्लगवरून 230 व्होल्ट घेत असाल, तर हात लावण्याआधी प्लग काढा. आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) सतत पडत असेल तर ती वगळून वायर डायरेक्ट जोडू नका, परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा. अर्थिंग नसेल तर गाडीच्या पत्र्यातच करंट उतरू शकतो.

साफसफाई करताना निगेटिव्ह आधी काढा आणि शेवटी लावा. चष्मा, हातमोजे घाला. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खायच्या सोड्याच्या पाण्याने निघते, पण ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. कोरडं करा, घट्ट आवळा, मग वरून व्हॅसलीन.

आमची अर्थची वायर बाहेरून धडधाकट दिसत होती. लोडवर मोजलं तेव्हा तिच्यात 11 व्होल्ट अडकलेले सापडले. नवी बॅटरी बसवताना ती हलली होती, म्हणून पंधरा दिवस चालली. थिंबलजवळचं (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीजवळचं) काळं प्लास्टिक सोललं, तर आतून तांब्याची हिरवी भुकटी गळली. खाऱ्या हवेनं तार आतल्या आत खाल्ली होती. चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर कापली, नवं थिंबल दाबून बसवलं आणि पंप सुरू झाला.